नाणं द्या जाणत्याला

नाताळच्या सुट्टीनंतर, २ जानेवारी २०२० ला ऑफिस उघडलं. पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरातल्या आमच्या ऑफिसात एक छोटं किचन आहे. तिथे किटली तापायची वाट बघत तिघंजण उभे होते आणि त्यातले दोघं एकच चाल गुणगुणत होते. मी कप घेऊन आत गेले तर तिसऱ्याने शेवटचा ‘ओ ओ ओ’ लावला. दुपारी लिफ्टमध्ये तीच चाल कुणीतरी शिट्टीवर वाजवली. संध्याकाळी ट्राममध्ये माझ्या शेजारच्या मुलाच्या हेडफोनमधूनही तीच झिरपत होती. तोपर्यंत ती माझ्याही डोक्यात बसली होती, आणि मी मालिकेचा एकही भाग पाहिलेला नव्हता.

मालिका म्हणजे नेटफ्लिक्सवरची ‘द विचर’. २० डिसेंबर २०१९ ला तिचे आठही भाग एकदम आले होते. पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या गेराल्टची ही गोष्ट मुळात पोलंडची. आंजेय सापकोव्स्की यांची पहिली कथा १९८६ साली ‘फांतास्तिका’ या मासिकात छापून आली, मग कथासंग्रह, कादंबऱ्या, व्हिडिओ गेम असं ते जग वाढत गेलं. इथल्या लोकांसाठी तो घरचा माणूस आहे. माझ्या टीममधल्या एका मुलीने मला सांगितलं, की तिच्या वडिलांनी ती पुस्तकं इतकी वाचली की घरातली प्रत सुटी सुटी झाली. त्यामुळे ते गाणं गुणगुणणाऱ्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळाच आनंद होता. आपल्या गावचा मुलगा दूरच्या शहरात जाऊन नाव काढतो तेव्हा गावकऱ्यांच्या चेहऱ्यावर असतो तसा.

त्या रात्री मी दुसरा भाग पाहिला, कारण गाणं त्यात आहे हे कळलं होतं. यास्क्येर नावाचा तरुण गवई एका गुत्त्यात गातोय आणि लोक त्याच्यावर पावाचे तुकडे फेकतायत. तो ते तुकडे उचलून ठेवून घेतो, उद्याची भाकर म्हणून. कोपऱ्यात गेराल्ट बसलेला. यास्क्येर त्याच्या मागे लागतो. पुढे दोघांनाही एल्फ लोक पकडतात, बांधून घालतात, मारतात, यास्क्येरचं वाद्य फोडतात आणि शेवटी त्यांचा राजा दोघांना सोडून देतो. वर यास्क्येरला नवीन ल्यूट मिळतं. परतीच्या वाटेवर त्या ल्यूटवर तो जे गाणं जुळवतो, ते हे: ‘टॉस अ कॉइन टू युअर विचर’. गाण्यात मात्र गेराल्टने शत्रूला लोळवून माणसांचं रक्षण केलेलं असतं, म्हणून लोकहो, तुमच्या विचरला नाणं टाका. गेराल्ट म्हणतो, असं काही घडलंच नाही. यास्क्येरला ते ठाऊक असतं. या माणसाला लोकांनी मान द्यावा म्हणूनच तर तो गातोय.

मी तो तुकडा सहा-सात वेळा मागे नेऊन पाहिला. मग नुसतं गाणं शोधायला गेले, तर त्या दिवसांत ते स्वतंत्रपणे मिळतच नव्हतं. अधिकृत ध्वनिमुद्रण त्याच महिन्यात पुढे बाहेर आलं. तोवर लोकांनी मालिकेतून तुकडा कापून चढवलेला, कुणी तो तासभर फिरत ठेवलेला, कुणी पियानोवर, कुणी हार्पवर, कुणी मेटलच्या गिटारींवर घोळवलेला. संगीत सोन्या बेलूसोव्हा आणि जिओना ओस्टिनेली या जोडीचं, शब्द जेनी क्लाइन यांचे आणि गायलंय ज्योई बॅटी या नटानेच. आवाज गवयाच्या भूमिकेतून येतो म्हणून तो खरा वाटतो. कुणीतरी स्टुडिओत गाऊन वरून चिकटवलेला आवाज तो नाही.

इथवर मी इतर हजारोंसारखीच एक श्रोती. माझं काम सुरू झालं ते पोलिशच्या शिकवणीत.

मी मूळची कोल्हापूरची. व्रोत्सवाफला हिशेबाच्या कामावर आले. ऑफिसात इंग्रजीवर भागतं, पण दवाखाना, पोस्ट, घरमालकीण इथे भागत नाही, म्हणून दर मंगळवारी संध्याकाळी शिकवणी लावली. शिकवणाऱ्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. इथे त्यांना नावाआधी ‘पानी’ लावून हाक मारतात, पण माझ्या मनात त्या पहिल्या दिवसापासून ‘बाई’च आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी कुठून आलात विचारलं. कोल्हापूर म्हटल्यावर त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, वळिवडे? मला गलबलून आलं. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले जवळपास पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात आमच्या गावाजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले होते. आज तिथे गांधीनगर आहे, आई तिथे साड्या घ्यायला जायची. बाईंनी ते नाव पुस्तकात वाचलं होतं. माझ्या शाळेच्या पुस्तकात ते नव्हतं.

तर जानेवारीतल्या पहिल्या शिकवणीला मी बाईंना त्या गाण्याबद्दल विचारलं. त्या हसल्या. त्यांच्या नातवाने दोन आठवडे घरात दुसरं काही गायलं नव्हतं, आणि तेही इंग्रजीत नाही, पोलिश डबिंगमधलं. त्यांनी वहीत ती ओळ लिहिली आणि म्हणाल्या, आज हाच धडा.

‘ग्रोशा दाय व्येज्मिनोवी.’ खाली पुढची ओळ, ‘साक्येफ्कों पोत्शोंश्नी.’

पहिल्या ओळीचा अर्थ: व्येजमिनला, म्हणजे विचरला, ग्रोश दे. ग्रोश म्हणजे इथलं सगळ्यात लहान नाणं, शंभर ग्रोशांचा एक झ्वोती. दुसऱ्या ओळीत मला मोठं आश्चर्य होतं. इंग्रजीत तिथे गायक सुबत्तेच्या खोऱ्याला हाक मारतो. पोलिशमध्ये खोरं नाहीच. तिथे आहे: थैली हलव. कमरेची पैशाची थैली जरा झटक. अनुवाद करणाऱ्याने अख्खं खोरं सोडून दिलं आणि त्या जागी एक हावभाव आणला. मला तो मूळ ओळीपेक्षा जास्त आवडला आणि अजूनही आवडतो. खोऱ्याला कुणी काय मागणार? थैली समोरच्या माणसाच्या कमरेला असते.

बाईंनी मला विभक्ती ओळखायला सांगितल्या. पोलिशमध्ये सात विभक्ती आहेत आणि त्यांच्या तक्त्यांनी मला वर्षभर जेरीस आणलं होतं. इंग्रजीतून शिकवणाऱ्या पुस्तकात एकेका विभक्तीवर चार-चार पानं असायची. या ओळीपाशी मी पहिल्यांदा इंग्रजी बाजूला ठेवलं. ‘व्येज्मिनोवी’ मधलं ‘ओवी’ म्हणजे आपलं ‘ला’. चतुर्थी. स, ला, ते. ‘ग्रोशा’ ही आपल्या षष्ठीसारखी, थोडंसं काही देताना-घेताना पोलिश भाषा अशी झुकते. ‘साक्येफ्कों’ ही तृतीया. इथे थैली ‘ने’ हलवतात, तशी मानही ‘ने’ हलवतात. एका ओळीच्या जोडीत तीन विभक्ती, आणि तिन्ही मी चौथीत घोकलेल्या तक्त्यात होत्याच. मी प्रथमा ते संबोधन धडाधड मराठीत म्हणून दाखवल्या. बाई टेबलावर बोटाने ताल धरून ऐकत राहिल्या. एका समजलेल्या ओळीसाठी वर्षभराची फी वसूल झाली, असं मला त्या दिवशी वाटलं.

घरी जाताना ट्राममध्ये विचार आला की हे मराठीत करून बघावं. संक्रांत जवळ आली होती. इथली आम्ही दहा-बारा मराठी कुटुंबं १८ तारखेच्या शनिवारी तिळगुळाला एकत्र जमणार होतो. मुलांनी काहीतरी म्हणायचं असं ठरलं होतं आणि मुलांना दुसरं काही म्हणायचंच नव्हतं.

पहिली अडचण ‘विचर’. तसाच ठेवला तर मुलांना चाललं असतं, पण मला नको होतं. चेटक्या म्हटलं की मनात लगेच वाईट येतं. मांत्रिक म्हटलं की लिंबू-मिरची. राक्षसमार हा शब्द गाण्यात दगडासारखा पडतो. मी पोलिश शब्दाकडे परत गेले. ‘व्येजमिन’ हे ‘व्येज्मा’चं पुल्लिंगी, आणि व्येज्मा म्हणजे चेटकीण. पण शब्दाच्या पोटात बघितलं तर ‘व्येजेच’ आहे, म्हणजे जाणणं. बाईंनी हे सांगितलं आणि मी खुर्चीतच ताठ झाले. हा आपल्या ‘विद्’चाच भाऊ. वेद, विद्या, विद्वान ज्या मुळाचे, त्याच मुळाची ही पोलिश चेटकीण. व्येज्मा म्हणजे मुळात ‘जिला कळतं ती’.

आमची पन्हाळ्याकडची आजी गोठ्यातली म्हैस दूध देईना, किंवा एखादं पोर झोपेत दचकायला लागलं, की म्हणायची, ‘जाणत्याला दाखवून आणा.’ तिच्या तोंडी जाणता म्हणजे शहाणा, वयस्क एवढंच नव्हतं. ज्याला दिसतं, ज्याला उतारा ठाऊक आहे, ज्याच्याकडे गरज पडली की जायचं पण एरवी ज्याला फार जवळ करायचं नाही, असा माणूस. गेराल्ट नेमका तसाच आहे. गावावर राक्षस आला की त्याला बोलावतात, काम झालं की दार लावून घेतात. आजी जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तिचा शब्द मला पोलंडमध्ये एका पोलिश शब्दाच्या आत सापडला. त्या रात्री मी आईला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, आता झोप, तिकडं बारा वाजले असतील.

मग मी अक्षरं मोजायला बसले. इंग्रजी मुखड्यात सात अवयव, म्हणजे उच्चाराचे तुकडे, आहेत, पोलिशमध्येही सात: ग्रो-शा-दाय-व्येज्-मि-नो-वी. जोर पहिल्यावर, तिसऱ्यावर आणि सहाव्यावर. पोलिश शब्दाचा जोर बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या अवयवावर येतो, म्हणून ‘नो’ वर आपोआप वजन पडतं आणि चालीला तिथेच वजन हवं असतं. मी मराठी ओळ तिच्याखाली मांडली:

ना-णं-दे-जा-ण-त्या-ला.

सात. नुसती सात नाहीत, शब्दांचा क्रमही तोच. ग्रोशा, नाणं. दाय, दे. व्येज्मिनोवी, जाणत्याला. दोन, एक, चार. ‘दाय’ आणि ‘दे’ ही तर सख्खी भावंडं, दोघांच्या मागे देण्याचा एकच जुना धातू. मधला ‘ण’ बोलताना आपण गिळतो, गाताना तो पुरा म्हणायचा, की ‘त्या’ बरोबर सहाव्या जागी येतो आणि ‘ला’ लांबवायला मोकळा राहतो. ‘जा’ थोडा लवकर उचलावा लागतो, तेवढी एकच तडजोड. इंग्रजीतून मराठीत येताना जे उलटंपालटं करावं लागतं त्यातलं काहीच नाही. मी ते पान अजून ठेवलंय. तीन ओळी एकाखाली एक, आणि उभ्या रेघा.

दुसरी ओळ इतकी सहज आली नाही. थैलीसाठी पहिल्यांदा ‘कसा’ सुचला. कमरेला बांधायची पैशाची कापडी नळी, जुन्या घरांत असायची. पण ‘हलव कसा’ म्हटल्यावर मैत्रिणीच्या सहा वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘कसा म्हणजे कसा?’ तिचं बरोबर होतं. गाण्यात एखादा शब्द समजावून सांगायला थांबावं लागलं तर ते गाणं तिथेच संपतं. मग बटवा. आजीबाईच्या बटव्यामुळे तो परदेशात वाढणाऱ्या मुलांनाही ठाऊक असतो आणि त्याला ओढायची दोरी असते, म्हणजे तो बंद आहे आणि उघडावा लागणार हे शब्दातच आलं.

‘वाजू दे रे बटवा.’ सहा अवयव बरोबर बसले: वा-जू-दे-रे-बट-वा. इंग्रजीत आणि पोलिशमध्ये या ओळीत जोर दुसऱ्या आणि पाचव्या अवयवावर आहे. ‘बट’ पाचवा, ठीक. पण गायला लागले की ओळ सुरुवातीलाच अडखळायची. दोन दिवस मला कळेना का. शेवटी पेटीवर हळू वाजवून पाहिलं. (पेटी म्हणजे छोटी कीबोर्ड, खरी पेटी कोल्हापुरात आहे.) ओळीचा पहिला अवयव ही नुसती पायरी आहे, पाय ठेवून लगेच वर जायची. आणि मी तिथे ‘वा’ ठेवला होता, लांब, पसरट. पहिलं अक्षर ऱ्हस्व हवं आणि दुसरं दीर्घ. भांडी घासता घासता शब्द आला: खणाणू.

ख-णा-णू-दे-बट-वा. ‘ख’ वर नुसतं टेकायचं आणि ‘णा’ वर उडी. शिवाय नाण्याचा आवाज शब्दातच. पोलिश ‘पोत्शोंश्नी’मध्ये थैलीचा झटका आहे, खसखस आहे. आमच्या ‘खणाणू’त धातू आहे. मी ओल्या हातांनीच फोन उचलून ते रेकॉर्ड केलं, विसरेन या भीतीने.

कडव्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक केलं, गायक स्वतःला साधा भाट म्हणवत सुरुवात करतो ते. बाकीची लढाईची कडवी मी तीनदा लिहून फाडली. मुलांनाही मुखडाच हवा होता.

आता आप्पांकडे येते. माझे वडील तरुणपणी कोल्हापुरात एका शाहिराच्या पार्टीत पंधरा वर्षं झीलकरी होते, तुणतुणं वाजवायचे. शाहीर पिराजीराव सरनाईक यांना त्यांनी समोर बसून ऐकलंय आणि त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज आजही बदलतो. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी त्यांना मुखडा म्हणून दाखवला. नाणं दे जाणत्याला, खणाणू दे बटवा. अभिमानाने सांगितलं की दाय आणि दे कसे जुळले, सात आणि सात कसे जुळले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘चाल झ्याक हाय. पण ह्यो कुणाला सांगतोय?’

‘लोकांना, आप्पा. गावातल्या लोकांना.’

‘मग “दे” कसं म्हणंल? मागणारा माणूस कधी “दे” म्हणतो काय? वासुदेव दारात येतो तवा काय म्हणतो? गाणाऱ्यानं समोरच्या मंडळींना मायबाप म्हणायचं असतं, बाळ. “द्या” म्हण. “द्या हो” म्हण.’

मी वाद घातला. पोलिशमध्ये ‘दाय’ एकेरीच आहे, मूळ गाण्यातही सरळ आज्ञा आहे, आणि ‘दे’ गेला तर माझी ती भावंडांची जोडी मोडते. ते म्हणाले, तुझी जोडी कागदावर आहे, पण बटवा माणसाच्या हातात आहे, आणि त्याला एकेरीत बोललीस तर तो काढणार नाही. मग त्यांनी विचारलं, ‘बरं, त्या जाणत्यानं खरंच कुणाला मारलं व्हतं काय?’ मी सांगितलं, नाही, एल्फांनी त्यांना दया करून सोडलं, हा गवई खोटं गातोय. मला वाटलं आप्पा हसतील. ते गंभीर झाले. म्हणाले, शाहीर लढाईला गेलेला असतोच असं नाही, पण खोटं गायचं असेल तर कुणासाठी गातोस हे बघावं लागतं. स्वतःच्या पोटासाठी गातोस, की ज्याला कुणी विचारत नाही त्याच्यासाठी?

त्यावर मी बराच विचार केला. आपल्याकडे अफझलखानवधाचा अज्ञानदासाचा पोवाडा आहे, त्याच्या शेवटी शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचं सांगितलंय. तमाशात दौलतजादा होतो, तो फडावरच्यांसाठी. आमच्या परंपरेत गाणाऱ्याचा हात स्वतःसाठी पुढे येतो आणि त्यात लाज नाही, ते त्याचं काम आहे. या गाण्यात गवई हात पुढे करतो तो दुसऱ्यासाठी. काही मिनिटांपूर्वी ज्याच्यावर पावाचे तुकडे फेकले गेले, तो माणूस लोकांना सांगतो की याला नाणं टाका. त्यात त्याचाही फायदा आहे, गेराल्टचं नाव झालं की त्याचं गाणं चालणार. तरीही. जगभरच्या लोकांच्या तोंडी ही ओळ बसली त्यात चालीचा वाटा मोठा आहेच, तिचं शेवटचं ‘ओ’ कुणालाही, कुठल्याही पट्टीत म्हणता येतं. पण सोबतच्या माणसासाठी मागण्यातलं जे मोठं मन आहे, तेही लोकांना गाताना जाणवत असलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. किटलीपाशी उभं राहून आपण एकटेपणाने गुणगुणायला लागतो आणि शेजारचा न सांगता साथ देतो, ते त्यामुळेच असेल.

मी ‘दे’ सोडला. जड गेलं, पण सोडला. ‘द्या’ही शेवटी त्याच धातूचा आहे आणि अवयव एकच, मोजणी बिघडली नाही. उलट एक गाठ सुटली, जी मी तोवर टाळत होते. शेवटच्या ‘ओ ओ ओ’चं काय करायचं? मित्रांचा आग्रह होता की तिथे पोवाड्यासारखं ‘जी जी रं जी’ घालू. मी घालून पाहिलं होतं. टाळ्या मिळाल्या असत्या, पण गाणं वेशभूषा स्पर्धेत उभं केल्यासारखं झालं असतं, डोक्याला फेटा बांधलेलं आणि आतून परकं. आप्पांच्या ‘द्या हो’ मध्ये उत्तर आयतं होतं. हो. तोच स्वर, फक्त ‘ह’चा श्वास आधी, आणि तो समोरच्याला मान देतो.

नाणं द्या जाणत्याला,
खणाणू द्या बटवा,
खणाणू द्या बटवा हो, हो, हो.

१८ तारखेला बाहेर पाच वाजायच्या आतच अंधार पडला होता. मैत्रिणीच्या घरात चपला-बुटांचा ढीग, तिळगुळाचा डबा, पोळ्यांचा वास. मी बाईंनाही बोलावलं होतं. त्या केक घेऊन आल्या आणि सगळ्यांनी त्यांना ‘तिळगुळ घ्या, गोड बोला’ म्हणायला शिकवलं. त्यातला ‘ळ’ त्यांना जमेना, म्हणून लहान मुलं त्यांच्याभोवती गोळा होऊन आळीपाळीने जीभ वळवून दाखवायला लागली. आठ मुलं होती, सगळ्यात लहान चार वर्षांचा. मी कीबोर्डवर सूर दिला. पहिल्यांदा ती फार जोरात ओरडली, मग सावरली. ‘खणाणू’ला चार वर्षांच्या त्या मुलाने मनानेच खिशात हात घालून खरंच चिल्लर वाजवली. आईने त्याला दिलेली असावी. पुढच्या वेळी सगळ्यांनी तेच केलं, ज्यांच्या खिशात नव्हतं त्यांनी बापाचा खिसा धरला.

तिसऱ्या आवर्तनाला बाई उठल्या आणि त्यांच्या भाषेत गायला लागल्या. मला भीती वाटली की मुलं गोंधळतील. कुणी गोंधळलं नाही. ग्रोशाच्या जागी नाणं, व्येज्मिनोवीच्या जागी जाणत्याला, ‘नो’वर ‘त्या’, एकही अवयव पुढेमागे नाही. दोन्ही भाषा एकाच पायऱ्या चढत गेल्या आणि वर ‘ओ’ आणि ‘हो’ एक झाले. भिंतीला फोन टेकवून ठेवला होता, त्यावर कोल्हापुरात रात्री साडेनऊला आप्पा आणि आई जागे होते. आवाज मागे-पुढे होत होता म्हणून आप्पांनी गायलं नाही, पण त्यांचा उजवा हात तुणतुण्याच्या तारेवर असल्यासारखा हलत होता.

जेवणं झाल्यावर बाईंनी पर्समधून वही काढली आणि ओळ परत सांगायला लावली. त्यांनी ती त्यांच्या लिपीत उतरवली, दोन ठिकाणी खोडून पुन्हा लिहिली. मग पेन माझ्याकडे देऊन विचारलं, यातली चतुर्थी कुठे आहे. मी ‘जाणत्याला’वर बोट ठेवलं. त्यांनी पेन परत घेतलं आणि शब्दाच्या शेवटच्या ‘ला’खाली, शाळेच्या बाई मारतात तशी, पट्टीशिवाय सरळ रेघ मारली.